ग्रामीण भागात वेगवान इंटरनेट मिळवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्जाची मुदत संपत आलेली असते आणि पान उघडत नाही. डॉक्टरांशी दृक्‌संवाद सुरू असताना चित्र गोठते. घरून काम करणाऱ्याला महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी दुसऱ्या गावी जाऊन बसावे लागते. ज्यांच्या घरी हे नेहमीचे आहे, त्यांच्यासाठी पुढील उत्तरे लिहिली आहेत. बहुतेक वेळा अडचण नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे हेच घरातल्या माणसांना कोणी सांगितलेले नसते, आणि त्यामुळे पैसा व कष्ट दोन्ही चुकीच्या उपायावर खर्च होतात.

शहरात सहज मिळणारी फायबर जोडणी गावापर्यंत का पोहोचत नाही?

फायबर महाग असते म्हणून, असा समज आहे. तो बरोबर नाही. काचेचा तंतू स्वतः स्वस्त असतो. खर्च होतो तो चर खणण्यावर, खांब उभारण्यावर, रस्ता किंवा ओढा ओलांडण्याच्या परवानग्यांवर आणि ही कामे करणाऱ्या माणसांच्या मजुरीवर. शहरात एक किलोमीटर चर खणला की शेकडो घरांना जोडणी देता येते. विखुरलेल्या वस्तीत तेवढ्याच खोदाईत चार-पाच घरे मिळतात. दर घरामागचा खर्च असा अनेक पटींनी वाढतो आणि तो कधी वसूल होईल याचे गणित कंपनीला जुळत नाही.

यापेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे, अनेक गावांच्या वेशीवरूनच मुख्य फायबर गेलेली असते आणि तरीही गावाला जोडणी मिळत नाही. दोन मोठ्या केंद्रांना जोडणारी ही वाहिनी मध्येच कुठेही फोडता येत नाही. त्यासाठी तंतू बाहेर काढण्याची जागा आधीपासून ठेवलेली असावी लागते, मोकळे तंतू शिल्लक असावे लागतात आणि गावात विजेची सोय असलेले वितरण केंद्र लागते. तेथून पुढचे काम मात्र तुलनेने सोपे आहे. घरोघरी फायबर देण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एकच तंतू सुमारे २० किलोमीटरपर्यंत जातो, वाटेत विजेवर चालणारे कोणतेही उपकरण लागत नाही आणि साध्या विभाजकाने तो ३२ किंवा ६४ घरांत वाटता येतो. म्हणून कंपनीशी बोलताना “आमच्याकडे फायबर कधी येणार” असे विचारण्यापेक्षा “आमच्या सर्वांत जवळचे वितरण केंद्र कोठे आहे आणि ते किती किलोमीटरवर आहे” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला आश्वासन मिळते, दुसऱ्याला आकडा मिळतो.

कंपनीच्या नकाशावर आमच्या गावात सेवा उपलब्ध दिसते, पण अर्ज केल्यावर नकार मिळतो. असे का होते?

कारण नकाशा बहुधा परिसराचा असतो, घराचा नसतो. अमेरिकेत कित्येक वर्षे जनगणनेच्या एखाद्या गटातील एका जरी घराला सेवा देणे शक्य असले, तरी तो संपूर्ण गट सेवा मिळालेला म्हणून मोजला जात असे. ग्रामीण भागात असा गट फार मोठा असू शकतो, त्यामुळे हजारो घरे कागदावर जोडलेली आणि प्रत्यक्षात वंचित राहिली. २०२२ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने प्रत्येक इमारत वेगळी दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यातील चुकीच्या नोंदींना आव्हान देण्याची सोयही नागरिकांना दिली. मोबाइल सेवेचे नकाशे तर मुख्यतः संगणकीय अंदाजावर आखलेले असतात. टेकडीची सावली, दाट झाडी किंवा घराची जाड भिंत त्यात पूर्णपणे उतरत नाही.

तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. घराचे अक्षांश-रेखांश देऊन लेखी अर्ज करावा आणि नकाराचे कारण लेखी मागावे. पुढे नियामकाकडे किंवा लोकप्रतिनिधीकडे जायचे झाल्यास हाच कागद उपयोगी पडतो.

किती वेग असला म्हणजे जोडणीला वेगवान म्हणावे?

ही व्याख्या काळानुसार बदलते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये डाउनलोडसाठी २५ आणि अपलोडसाठी ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) ही मर्यादा ठरवली होती. मार्च २०२४ मध्ये ती १०० आणि २० करण्यात आली. प्रत्यक्ष वापराकडे पाहिले, तर चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस आणि फोर-के दर्जाच्या व्हिडिओला १५ ते २५ एमबीपीएस लागतात. आवाजी संवादाला याच्या अगदी अल्प अंशात भागते.

येथे एक गोंधळ टाळावा. जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये असतो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला ५ मेगाबाइटने उतरत असेल, तर जोडणी ठीक चालली आहे.

अपलोडच्या आकड्याकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि ग्रामीण जोडण्यांत नेमका तोच दुबळा असतो. वर्गात किंवा बैठकीत तुम्हाला इतर सर्व दिसतात पण इतरांना तुमचा आवाज तुटक ऐकू जातो, तेव्हा दोष अपलोडकडे असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

वेग कमी आहे हे कळते, पण दोष घरातल्या राउटरचा की बाहेरच्या जोडणीचा, हे कसे ओळखावे?

संगणक वायरने थेट राउटरला जोडावा, घरातील बाकीची उपकरणे बंद करावीत आणि वेग मोजावा. वायरवर पूर्ण वेग मिळत असेल, तर अडचण घरातल्या वाय-फायची आहे. २.४ गिगाहर्ट्‌झचा लहरींचा पट्टा भिंती ओलांडून दूर जातो पण संथ असतो. ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान असतो पण दोन भिंतींनंतर क्षीण होतो. राउटर कपाटात किंवा लोखंडी पत्र्याजवळ ठेवलेला असल्यास आधी तो हलवावा.

वायरवरही वेग कमीच असेल, तर पहाटे, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास असे तीन वेळा मोजावे. पहाटे चांगला आणि रात्री खालावणारा वेग हे गर्दीचे लक्षण आहे, आणि गर्दीवर घरातला कोणताही उपाय चालत नाही. तिन्ही वेळा सारखाच कमी असेल, तर तार, सिग्नल किंवा अंतर यांत दोष आहे.

आमच्याकडे जुनी तांब्याची टेलिफोन तार आहे. तिच्यावर वेग वाढवता येईल का?

ते पूर्णपणे अंतरावर अवलंबून आहे. तांब्याच्या तारेतील उच्च वारंवारितेचा संकेत अंतराबरोबर झपाट्याने विरतो. एडीएसएल-२-प्लस या पद्धतीची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस आहे. ती एक्स्चेंजच्या जवळच गाठता येते आणि पाच किलोमीटरवर एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. व्हीडीएसएल-२ पद्धत १०० एमबीपीएसपर्यंत जाते, परंतु केवळ काही शे मीटरच्या आत. हे अंतर तारेच्या मार्गाचे असते, नकाशावरच्या सरळ रेषेचे नव्हे. जुने सांधे, गंजलेली जोडणी आणि पाणी शिरलेले खोके दुरुस्त करून घेतल्यास तुटणारी सेवा स्थिर होते, पण अंतराची मर्यादा त्याने ओलांडता येत नाही. पाच किलोमीटरवरच्या घराला अधिक महागडी योजना विकली जात असेल, तर ती घेऊ नये.

मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते, तरी नेट चालत नाही. याचा अर्थ काय?

फोनवरच्या रेषा बहुतांशी संकेताची ताकद दाखवतात. तो संकेत किती स्वच्छ आहे, टॉवरवर किती लोक एकाच वेळी आहेत आणि टॉवर स्वतः पुढे कशाने जोडलेला आहे, यातले काहीही त्या रेषांतून नीट कळत नाही. अनेक ग्रामीण टॉवर फायबरने नव्हे, तर दुसऱ्या टॉवरशी मायक्रोवेव्ह दुव्याने जोडलेले असतात. तो दुवा भरला की टॉवरच्या पायथ्याशी उभे राहिले तरी वेग मिळत नाही.

फोनच्या किंवा सिमवर चालणाऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये दोन आकडे पाहता येतात. आरएसआरपी म्हणजे संकेताची ताकद : उणे ८० च्या आसपास असल्यास उत्तम, उणे ११० च्या खाली गेल्यास क्षीण. एसआयएनआर म्हणजे संकेताची स्वच्छता : २० च्या वर असल्यास उत्तम, शून्याच्या खाली असल्यास वाईट. ताकद भरपूर पण स्वच्छता कमी असेल, तर दोन टॉवरांचे संकेत एकमेकांत मिसळत आहेत, आणि एका दिशेला रोखलेला अँटेना येथे खरोखर उपयोगी ठरतो. दोन्ही आकडे चांगले असूनही वेग नसेल, तर टॉवरवर गर्दी आहे किंवा त्याचा पुढचा दुवा अपुरा आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम महिनाभर वापरून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

फाइव्ह-जी आले की प्रश्न सुटेल, अशी आशा लावून बसू नये. ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे वेगवान पट्टे दूर जात नाहीत. दूर जाणारे ७०० मेगाहर्ट्‌झसारखे पट्टे अरुंद असल्यामुळे त्यांवर वेग मर्यादित राहतो.

छतावर अँटेना किंवा बूस्टर लावल्याने फरक पडतो का?

अँटेना लावल्याने पुष्कळदा पडतो. भिंत आणि छप्पर संकेताचा मोठा भाग गिळतात. तीन डेसिबलची घट म्हणजे निम्मी शक्ती आणि दहा डेसिबलची घट म्हणजे केवळ दहावा भाग उरणे. म्हणून राउटर घरातून काढून उंचावर नेणे एवढ्यानेच चित्र पालटते. मात्र छतावरील अँटेनापासून घरातील राउटरपर्यंत लांबलचक कोॲक्सिअल केबल (टीव्हीच्या अँटेनाला असते तशी) ओढली, तर उंचीने मिळवलेले केबलमध्येच गमावले जाते. त्याऐवजी पाणी न शिरणारा, बाहेर बसवण्याचा राउटर थेट खांबावर लावावा आणि तेथून नेटवर्क केबल खाली आणावी. १०० मीटरपर्यंत तिच्यात वेगाची घट होत नाही आणि त्याच केबलमधून राउटरला वीजही देता येते. उंच खांबाला भूसंपर्क (अर्थिंग) आणि केबलला आकाशातल्या विजेपासून संरक्षण देणे विसरू नये.

बूस्टरचे तसे नाही. तो आलेला संकेत मोठा करतो आणि त्यातली खरखरही तितकीच मोठी करतो. शिवाय अनेक देशांत परवानगीशिवाय बूस्टर लावणे बेकायदा आहे, कारण चुकीच्या बूस्टरमुळे आसपासच्या सगळ्यांची सेवा बिघडते.

शेजारच्या गावात चांगली जोडणी आहे. तेथून वायरलेसने आणता येईल का?

येईल, आणि हा उपाय जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही. दोन्ही टोकांना समोरासमोर डिश लावून काही किलोमीटरचा दुवा उभारता येतो, आणि शेकडो एमबीपीएसचा वेग त्यावर अशक्य नाही. सेवा देणाऱ्या कंपनीची पुढे वाटून देण्यास परवानगी आहे का आणि तो पट्टा वापरण्याचे नियम काय आहेत, हे आधी पाहावे.

अडचण दृष्टिरेषेची असते. समोरची डिश दुर्बिणीतून दिसली म्हणजे काम झाले, असे समजून अनेक दुवे फसले आहेत. रेडिओलहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत. मध्यावर त्या फुगीर लंबगोल जागा व्यापतात. हिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५ गिगाहर्ट्‌झवर एक किलोमीटरच्या दुव्यात मध्यावरची तिची त्रिज्या सुमारे ३.९ मीटर असते आणि पाच किलोमीटरच्या दुव्यात सुमारे ८.७ मीटर. त्यातील निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. म्हणजे पाच किलोमीटरच्या दुव्यात मधल्या झाडाचा शेंडा दृष्टिरेषेच्या पाचेक मीटर खाली असला पाहिजे. पाने गळलेली असताना सुरेख चालणारा दुवा पालवी फुटल्यावर का बिघडतो, याचे उत्तरही येथेच आहे : ओल्या पानांतील पाणी या लहरी शोषून घेते. दोन-तीन वर्षांत झाड किती वाढेल, याचा विचार खांबाची उंची ठरवताना करावा.

उपग्रहाद्वारे मिळणारे इंटरनेट घ्यावे का?

उपग्रह कोणत्या उंचीवर आहे, यावर उत्तर ठरते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमची विनंती वर जाते, खाली येते, उत्तर पुन्हा वर जाते आणि खाली येते. हा सुमारे १,४३,००० किलोमीटरचा प्रवास प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद घेतो, आणि प्रत्यक्षात विलंब ६०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. तंत्रज्ञान कितीही सुधारले तरी हा विलंब कमी होणार नाही. चित्रपट पाहायला त्याने फारसे बिघडत नाही. पण संभाषणात दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि कार्यालयाच्या व्हीपीएनवर, म्हणजे दुरून कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेवर, काम करणे जिकिरीचे होते.

खालच्या कक्षेतील उपग्रहांनी हे चित्र बदलले आहे. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेने मे २०१९ मध्ये पहिले ६० उपग्रह एकत्र सोडले. त्यांचे बरेचसे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. वनवेब या दुसऱ्या सेवेचे उपग्रह सुमारे १,२०० किलोमीटरवर आहेत. ५५० किलोमीटरसाठी तोच चार टप्प्यांचा प्रवास सात-आठ मिलिसेकंदांचा होतो, आणि बाकीच्या प्रक्रिया धरून विलंब साधारण २५ ते ६० मिलिसेकंद राहतो. जेथे दुसरे काहीच पोहोचत नाही, तेथे आज हा सर्वांत चांगला पर्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एका उपग्रहाची क्षमता त्याच्याखालच्या सर्वांत वाटली जाते, म्हणून विरळ वस्तीत ही सेवा उत्तम चालते आणि दाट वस्तीत गर्दीने मंदावते. डिशला आकाशाचा रुंद तुकडा मोकळा लागतो. एक झाड आडवे आले तरी दर काही मिनिटांनी जोडणी क्षणभर तुटते. शिवाय अशी डिश सतत साधारण ५० ते १०० वॅट वीज घेते.

पाऊस आला की जोडणी का जाते?

साधारण १० गिगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात. उपग्रहसेवा आणि टॉवरांमधले काही मायक्रोवेव्ह दुवे याच पट्ट्यांत चालतात. मुसळधार सरीत काही मिनिटे सेवा जाणे स्वाभाविक आहे. पाऊस थांबून तासभर झाला तरी ती परत येत नसेल, तर कोठेतरी सांध्यात पाणी शिरले आहे.

योजना ‘अमर्याद’ आहे, तरी महिन्याच्या मध्यानंतर वेग घसरतो. हे योग्य आहे का?

बहुतेक अमर्याद योजनांत एका मर्यादेनंतर वेग कमी करण्याची अट असते. ५ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सुमारे २.२५ गिगाबाइट घेतो. रोज चार तास म्हणजे महिन्याला २७० गिगाबाइट. तुमची मर्यादा या हिशेबाशी ताडून पाहा. मर्यादेनंतरचा वेग किती, हे विचारून घेतल्याशिवाय करार करू नये.

शेतातला किंवा घरचा कॅमेरा बाहेरगावाहून दिसत नाही. जोडणी तर चालू आहे.

मोबाइल आणि उपग्रह सेवांत अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर उपकरण ओळखणारा क्रमांक) दिलेला असतो. त्यामुळे घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरून थेट आत येता येत नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा, आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीचा पत्ता मिळत असल्यास तो वापरावा किंवा स्वतःहून सर्व्हरशी जोडला जाणारा कॅमेरा घ्यावा. राउटर बदलून हा प्रश्न सुटत नाही.

वीज गेली की नेटही जाते. काय करावे?

राउटर आणि फायबरचे खोके मिळून साधारण १० ते २० वॅट घेतात, त्यामुळे लहान बॅटरीवरही ती काही तास चालतात. वितरण केंद्राची किंवा टॉवरची बॅटरी संपली, तर मात्र घरच्या बॅटरीचा उपयोग होत नाही. ती तक्रार कंपनीकडेच करावी लागते.

तक्रार केली की “राउटर बंद करून सुरू करा” एवढेच उत्तर मिळते. पुढे कसे जावे?

दोन आठवडे रोज ठरावीक वेळी, वायरने जोडून, वेग व विलंब मोजावा आणि तारीख, वेळ, आकडे वहीत नोंदवावेत. सेवा तुटल्याची वेळ आणि परत आल्याची वेळही लिहावी. ही नोंद जोडून लेखी तक्रार करावी, तक्रार क्रमांक घ्यावा आणि मुदतीत उत्तर न आल्यास वरच्या स्तराकडे, नंतर नियामकाकडे जावे. “नेट नीट चालत नाही” या वाक्याला कोणीही टोलवू शकते. “चौदा दिवसांपैकी अकरा रात्री वेग ठरलेल्याच्या दशांशाखाली होता” या वाक्याला टोलवणे कठीण असते. शेजारच्या चार घरांनी अशीच नोंद ठेवली, तर दोष एका राउटरचा नाही हे आपोआप सिद्ध होते.

कोणतीच कंपनी यायला तयार नाही. गावाने स्वतः काही केल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती जाणून घेण्यासारखी आहेत. इंग्लंडच्या वायव्य भागातील लँकेशरमधील ग्रामस्थांनी २०११ मध्ये बी-फोर-आर-एन ही संस्था स्थापन केली. मोठ्या कंपन्यांना परवडत नसलेल्या त्या भागात खर्चाचे मुख्य कारण खोदाई आणि जागेचा मोबदला हे होते. शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून वाहिनी विनामूल्य जाऊ दिली, स्वयंसेवकांनी चर खणले, रहिवाशांनी समभाग घेऊन भांडवल उभे केले, आणि अगदी विरळ वस्तीतल्या घरांनाही दोन्ही दिशांना १ गिगाबिट वेगाची फायबर मिळाली. रस्त्याच्या कडेचा डांबरी भाग फोडण्यापेक्षा मऊ शेतजमिनीतून नांगराने चर काढणे किती तरी स्वस्त पडते, हे त्यामागचे साधे गणित होते. स्पेनच्या कॅटलोनियात २००४ मध्ये सुरू झालेले गीफी-नेट हे जाळे वायरलेस दुव्यांपासून वाढत गेले आणि आज त्यात ३०,००० हून अधिक केंद्रे आहेत.

प्रत्येक गावाला संस्था काढणे जमेल असे नाही, आणि ते जमले पाहिजे अशी अपेक्षाही करू नये. ती जबाबदारी मुळात ग्रामस्थांची नव्हे. पण मागणी एकत्र करणे सर्वांना जमते. किती घरे जोडणी घेतील, वाहिनी कोणाच्या जमिनीतून जाऊ शकेल, उपकरणांसाठी वीज असलेली खोली कोण देईल, याची सह्यांसह यादी तयार असली, तर नकार देणाऱ्या कंपनीचे गणितही बदलू शकते. लहान स्थानिक पुरवठादार अशा यादीवर अनेकदा मोठ्यांपेक्षा लवकर निर्णय घेतात.

गावात रस्त्याचे किंवा पाणीवाहिनीचे काम निघाले आहे. त्याचा इंटरनेटसाठी उपयोग करून घेता येईल का?

अवश्य, आणि ही संधी हातची जाऊ देऊ नये. चर उघडा असतानाच त्यात रिकामी प्लास्टिकची नळी टाकून ठेवावी; फायबर नंतर केव्हाही तिच्यातून ओढता किंवा हवेच्या दाबाने फुंकता येते. नळीची आतली बाजू गुळगुळीत असावी, वळणे काटकोनात नसावीत, ठरावीक अंतरावर आणि प्रत्येक फाट्याजवळ झाकणाचे खड्डे ठेवावेत. दोन्ही तोंडे बुचांनी बंद करावीत, नाहीतर माती आणि उंदीर ती निकामी करतात. नळीच्या वर हातभर अंतरावर रंगीत सूचनापट्टी पुरावी, म्हणजे पुढच्या खोदाईत ती तुटणार नाही. आणि चर बुजवण्यापूर्वी पक्क्या खुणांपासून मोजलेली अंतरे, खोली आणि छायाचित्रे यांची नोंद ग्रामपातळीवरच्या कार्यालयात जमा करावी. नोंद नसेल, तर पाच वर्षांनी ती नळी जमिनीत आहे हे सांगणारेही कोणी उरत नाही.